वरच्या टायबर खोऱ्यात एक आठवडा : इटलीच्या खेड्यापाड्यांतली अनोळखी ठिकाणं कशी पाहायची

रोमच्या पुलावरून दिसणारी टायबर गढूळ असते, दोन्ही बाजूंनी उंच भिंतींत बांधलेली. तीच नदी बरीच वर, टस्कनी आणि उम्ब्रियाच्या सीमेवर, एका रुंद खोऱ्यातून मोकळी वाहते. दोन्हीकडे टेकड्या, टेकड्यांवर तटबंदीतली गावं, खाली तंबाखूची आणि सूर्यफुलांची शेतं. फ्लोरेन्सहून दोन तासांत इथे पोचता येतं, तरी आपल्याकडच्या सहलींच्या यादीत हे खोरं सापडत नाही.

आम्ही दोघं आणि आई असे तिघं इथे आठ दिवस राहिलो. त्याआधीच्या इटलीवारीत नऊ दिवसांत पाच शहरं केली होती आणि आठवणीत राहिल्या त्या रांगा. म्हणून सुरुवातीलाच सांगते : खेड्यातली इटली पाहायची असेल तर एकच खोरं निवडा, एकच घर घ्या आणि रोज त्याच घरी परत या. बॅगा एकदाच उघडायच्या. पुढचं सगळं या एका निर्णयावर उभं आहे.

कधी जायचं

एप्रिलअखेर ते जूनचा मध्य, नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी पारा पस्तिशीच्या वर जातो आणि दगडी गल्ल्या तापतात. शिवाय १५ ऑगस्टच्या आसपास इटालियन लोक स्वतःच सुट्टीवर असतात, त्यामुळे लहान गावांतली दुकानं आणि खानावळी बंद मिळतात. नोव्हेंबरनंतर बरीचशी शेतघरं पाहुण्यांसाठी बंद होतात, संग्रहालयांच्या वेळाही आखडतात.

तारखा जुळवता आल्या तर दोन गोष्टी साधा. सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी सानसेपोल्क्रो गावात आडव्या धनुष्याची नेमबाजी असते. सानसेपोल्क्रो आणि गुब्बिओ या दोन गावांची ही जुनी चुरस. आणि आरेत्सो शहरात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी व त्याच्या आदल्या शनिवारी जुन्या वस्तूंचा मोठा बाजार भरतो. तो बघायला छान, पण त्या दोन दिवसांत आरेत्सोत गाडी लावायला जागा मिळत नाही.

कागदपत्रं

शेंगेन व्हिसाचा (इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो गेलेला असावा लागतो. प्रत्यक्षात उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळणं अवघड होतं, म्हणून मेमध्ये जायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच कामाला लागा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. शेतघरात राहणार असाल तर तिथल्या मालकांकडून पूर्ण पत्ता, तारखा आणि सगळ्यांची नावं असलेलं बुकिंगचं पत्र मागून घ्या. हॉटेलच्या पावतीसारखं ते आपोआप येत नाही.

भाड्याची गाडी चालवणार असाल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना घेऊनच निघा. आपला स्मार्टकार्ड परवाना इंग्रजीत असला तरी इटलीत त्याच्या जोडीला हा लागतो. दोन्ही बरोबर ठेवा. आणि जो चालवणार त्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड हवं. अनामत रक्कम त्यावर अडकवून ठेवतात. डेबिट कार्डावर भागेल अशा भरवशावर जाऊ नका.

घर निवडताना

इथे ‘आग्रितुरिस्मो’ नावाचा प्रकार आहे. शेतकऱ्याने आपल्या शेतावर पाहुणे ठेवायचे, पण कायद्याने त्याचा मुख्य धंदा शेतीच राहिला पाहिजे. म्हणजे मागे खरोखर ऑलिव्हची झाडं असतात, ट्रॅक्टर सकाळी सहाला सुरू होतो आणि मालकीणबाई दारात भाजी ठेवून जातात. सुट्टीच्या हंगामात बहुतेक ठिकाणी शनिवार ते शनिवार असंच घर मिळतं.

जागा सानसेपोल्क्रो, आंग्यारी आणि मोन्तेर्की या तीन गावांच्या मधली पाहा. मग खोऱ्यातली बहुतेक ठिकाणं अर्ध्या-पाऊण तासात येतात. फोटो सगळ्याच घरांचे सुंदर असतात, म्हणून मालकांना नेमके प्रश्न विचारा. डांबरी रस्त्यापासून घर किती आत आहे? इथे पांढऱ्या खडीचे कच्चे रस्ते असतात आणि तसल्या दोन किलोमीटरच्या चढाला रात्री परत येताना जीव मेटाकुटीला येतो. स्वयंपाकघर स्वतंत्र आहे का? खोली तळमजल्यावर आहे का? (आईच्या गुडघ्यांमुळे आमचा हा पहिला प्रश्न होता, कारण जुन्या घरांचे जिने उंच आणि वळणांचे असतात.) एप्रिल किंवा ऑक्टोबर असेल तर घर गरम ठेवण्याचा खर्च भाड्यात धरलाय की वेगळा? बऱ्याच गावांत दर माणशी, दर रात्री पर्यटक-कर असतो. तो तिथे पोचल्यावर रोख द्यायची तयारी ठेवा.

पोचणं आणि गाडी

रोम किंवा फ्लोरेन्सला उतरा, तिथून रेल्वेने आरेत्सोला या आणि गाडी आरेत्सोत घ्या. मोठ्या शहरातून उजव्या बाजूने गाडी चालवायचा पहिला अनुभव घेण्यापेक्षा हे कितीतरी सुखाचं. लोकल गाडीचं कागदी तिकीट काढलं असेल तर चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्या. तिकीट आहे पण शिक्का नाही, तरी दंड होतो.

आता आमची चूक ऐका. आम्ही दुपारी एकच्या सुमारास गाडीच्या कार्यालयासमोर उभे राहिलो आणि दार बंद. विमानतळाबाहेरची अशी कार्यालयं दुपारी दोन-अडीच तास बंद असतात, शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी तर बहुधा उघडतच नाहीत. आम्ही तीन बॅगा घेऊन स्टेशनसमोरच्या बाकावर बसून राहिलो. तुम्ही सकाळी अकरापर्यंत पोचा किंवा चारनंतरची वेळ नोंदवा. गिअर बदलावे न लागणारी गाडी हवी असेल तर बुकिंगच्या वेळीच तसं लिहा. इथे न मागता मिळते ती गिअरची.

रस्त्यावरचे नियम थोडक्यात. वस्तीत ५०, वस्तीबाहेर साध्या रस्त्यावर ९०, आणि पाटीवर वेगळा आकडा असेल तर तो अंतिम. वस्तीबाहेर दिवसाही हेडलाइट लावायचे. गोल चौकात आत फिरणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं. खोऱ्याच्या मधून उत्तर-दक्षिण जाणाऱ्या ई-४५ या चौपदरी रस्त्याला टोल नाही.

सगळ्यात महागात पडते ती जुन्या गावातली निर्बंधित हद्द. लाल वर्तुळाची पांढरी पाटी आणि तिच्यावर ‘झेड टी एल’ ही अक्षरं दिसली की तिथेच थांबायचं. पलीकडे कॅमेरा असतो. दंडाचं पत्र काही महिन्यांनी भारतातल्या पत्त्यावर येतं आणि आपला पत्ता पोलिसांना कळवल्याबद्दल गाडीवाले त्यावर वेगळे पैसे लावतात. नकाशा ‘सरळ जा’ म्हणत असला तरी गाडी तटाबाहेरच लावा आणि चालत आत जा. लावताना जमिनीवरचे पट्टे बघा : पांढरे फुकट, निळे पैसे भरून, पिवळे राखीव.

पेट्रोलला ‘बेन्झिना’ म्हणतात आणि डिझेलला ‘गाझोलियो’. दुपारी पंप ओस पडलेला असतो आणि व्यवहार यंत्राशी होतो. त्यात नोट टाकली तर सुटे परत मिळत नाहीत, म्हणून वीसची नोट टाकण्यापूर्वी टाकीत वीस युरोंचं मावेल का ते बघा.

दिवसाची घडी

इथल्या घड्याळाशी जुळवून घेतलं की अर्ध्या अडचणी संपतात. दुकानं आणि लहान संग्रहालयं साधारण एक ते साडेतीन बंद. दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच, रात्रीचं साडेसातनंतर. मधल्या वेळात खानावळीचं दार ठोठावून उपयोग नसतो. आठवड्यातला एक दिवस, बऱ्याचदा सोमवार, संग्रहालयं बंद असतात.

आमची घडी अशी बसली : सकाळी एक ठिकाण, नीट. दुपारी घरी जेवण आणि झोप. पाचनंतर दुसरं एखादं गाव, तिथे फक्त भटकायचं. दिवसाला दोनपेक्षा जास्त नाव यादीत घालायचं नाही.

मोन्तेर्की : एका चित्रासाठी एक सकाळ

मोन्तेर्की हे टेकडीवरचं चिमुकलं गाव. जायचं ते एकाच भित्तिचित्रासाठी. पिएरो देल्ला फ्रांचेस्का हा पंधराव्या शतकातला मोठा चित्रकार याच खोऱ्यातला, आणि त्याची आई मोन्तेर्कीची. गावाबाहेरच्या एका लहान चर्चच्या भिंतीवर त्याने गर्भवती मेरी रंगवली. पुढे ते चित्र भिंतीवरून काढून घेतलं गेलं आणि १९९०च्या दशकात गावातल्या जुन्या शाळेच्या इमारतीत आणलं. कुठे ठेवावं यावर गावात बरीच वर्षं वाद चालले आहेत, म्हणून निघण्यापूर्वी सध्याची जागा आणि वेळ पाहून घ्या.

खोलीत तेवढं एकच चित्र. दोन देवदूत तंबूचा पडदा दोन्हीकडून धरून उभे, मध्ये ती. निळ्या झग्याची समोरची शिवण उसवल्यासारखी मोकळी, आतलं पांढरं वस्त्र दिसतंय, आणि त्या फटीवर तिचा उजवा हात अलगद ठेवलेला. डावा हात कमरेवर, पोटुशी बाई दमल्यावर ठेवते तसा. चेहऱ्यावर हसू नाही. आई कितीतरी वेळ समोरच्या बाकावर बसून होती. मग म्हणाली, “सातवा लागलाय हिला.” त्या खोलीत मला त्याहून चांगली समीक्षा सुचली नसती.

आता देवदूतांकडे निरखून बघा. दोघांची आकृती एकच आहे, फक्त आरशात उलटवलेली. पिएरोने एकच रेखाटन दोन्ही बाजूंना वापरलं आणि कपड्यांच्या रंगांची अदलाबदल केली. असं चित्र ओल्या गिलाव्यावर रोज थोडं थोडं रंगवतात, त्या रोजच्या तुकड्यांच्या जोडांवरून हे काम सात दिवसांत झालं असं मोजलं गेलंय. गरोदर बायकांना इथे तिकीट नाही. हा मान गावाने राखलेला आहे.

सानसेपोल्क्रो : नगरपालिकेच्या भिंतीवर

मोन्तेर्कीहून पंधरा-वीस मिनिटांवर पिएरोचं जन्मगाव. जुन्या नगरसभेची इमारत आता संग्रहालय आहे आणि तिच्या भिंतीवर ‘पुनरुत्थान’ हे चित्र आजही आहे. ख्रिस्त एक पाय थडग्याच्या काठावर ठेवून उभा, हातात झेंडा, आणि खाली चार पहारेकरी झोपलेले. मागची झाडं बघा : एका बाजूची निष्पर्ण, दुसऱ्या बाजूची पालवलेली. तपकिरी कपड्यातला, मान मागे टाकून झोपलेला शिपाई म्हणजे खुद्द पिएरो असं मानतात.

हे चित्र उरलं ते एका तोफखान्याच्या अधिकाऱ्यामुळे. १९४४ मध्ये टोनी क्लार्क नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याला या गावावर तोफा डागायचा हुकूम होता. मारा सुरू झाल्यावर त्याला आठवलं, जगातलं सर्वांत थोर चित्र याच गावात आहे असं आपण कधीतरी वाचलंय. त्याने ते चित्र कधी पाहिलेलं नव्हतं, तरी तोफा थांबवल्या. गावात त्याच्या नावाचा रस्ता आहे.

वाणिज्य शाखेतल्या वाचकांसाठी आणखी एक. द्विनोंदी हिशेबाची पद्धत, म्हणजे प्रत्येक नोंदीची नावे बाजू आणि जमा बाजू, छापील पुस्तकात पहिल्यांदा मांडली ती लुका पाचोलीने, १४९४ मध्ये व्हेनिसला. तो याच गावचा.

आंग्यारी : संध्याकाळी

सानसेपोल्क्रोच्या मैदानातून एक रस्ता सुतासारखा सरळ निघतो आणि आठ किलोमीटरवर थेट आंग्यारीच्या टेकडीवर चढतो. २९ जून १४४० रोजी याच मैदानात फ्लोरेन्सने मिलानच्या फौजेला हरवलं. लिओनार्दो दा विंचीने फ्लोरेन्सच्या सभागृहात रंगवायला घेतलेली आणि नंतर नाहीशी झालेली लढाई ती हीच. गाडी खाली लावा. गावातल्या गल्ल्या अरुंद आणि उताराच्या आहेत. आईबरोबर आम्ही वरच्या चौकातच बसलो आणि तिथूनच खाली जाणारा तो सरळ रस्ता दिवे लागेपर्यंत पाहत राहिलो.

सकाळची वेळ मिळाली तर बुसात्ती या १८४२ पासूनच्या विणकरांच्या दुकानात जा. तळघरात जुने माग चालू असतात. इचलकरंजी किंवा सोलापूरच्या पेठेत वाढलेल्या माणसाला तो धोट्याचा आवाज जिन्यातच ओळखू येईल.

चित्ता दि कास्तेल्लो : इथे पूर्ण दिवस द्या

खोऱ्यातलं हे सगळ्यात मोठं गाव, सीमेच्या पलीकडे उम्ब्रियात. पर्यटक इथून पुढे निघून जातात आणि मला नेमकं हेच गाव सगळ्यात जास्त आवडलं.

सुरुवात तेला उम्ब्रा या हातमागाच्या कार्यशाळेपासून करा. १९०८ मध्ये अलिचे हालगार्तेन फ्रांकेत्ती या बाईंनी गावातल्या गरीब स्त्रियांना घरचं विणकाम करून स्वतःचे पैसे मिळावेत म्हणून ती सुरू केली. लाकडी मागावर लिननचं कापड आजही बायका हातानेच विणतात. काम करणाऱ्या आयांच्या मुलांसाठी तिथेच बालवाडीही होती आणि ती चालायची मारिया माँटेसरींच्या पद्धतीने. त्याच फ्रांकेत्ती दांपत्याच्या आधाराने १९०९ मध्ये माँटेसरींचा शिक्षकांसाठीचा पहिला वर्ग या गावात भरला आणि त्यांचा पद्धतीवरचा ग्रंथही इथेच छापला गेला. ताराबाई मोडकांनी कोसबाडला ज्या विचारांतून आपली वेगळी बालवाडी घडवली, त्यांतला एक धागा इथून निघतो. आई निवृत्त बालवाडी शिक्षिका आहे. त्या मागांसमोर ती उभी राहिली तेव्हा मी फोटो काढायचा विसरले.

दुपारनंतर गावाबाहेरच्या तंबाखूच्या शेड. निपाणी-कागलकडे तंबाखू पाहिलेल्यांना या खोऱ्यातली पिकाची हिरवी रुंद पानं लगेच कळतील. वाळवणीसाठी इथे प्रचंड शेड बांधल्या होत्या. १९६६ मध्ये फ्लोरेन्सला महापूर आला, राष्ट्रीय ग्रंथालयाची हजारो पुस्तकं चिखलात गेली, तेव्हा ती वाळवायला याच शेडमध्ये आणली. पुढे तंबाखूचं काम थांबलं आणि अल्बेर्तो बुर्री या चित्रकाराने शेड बाहेरून काळ्या रंगवून आत आपली महाकाय चित्रं लावली. बुर्री याच गावचा, १९१५ चा जन्म, पेशाने डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात पकडला गेला आणि टेक्ससच्या युद्धकैदी छावणीत गोणपाटावर रंगवायला लागला. त्याची सुरुवातीची गोणपाटाची कामं गावातल्या जुन्या वाड्यात आहेत, प्रचंड कामं शेडमध्ये. आधी वाडा, मग शेड या क्रमाने पाहा, म्हणजे शिवलेल्या, ठिगळ लावलेल्या गोणपाटापासून तो कुठवर गेला ते उलगडतं. अमूर्त चित्रं आवडत नाहीत म्हणणाऱ्या माझ्या नवऱ्याने शेडमध्ये दीड तास काढला.

डोंगरातला एक दिवस

एक दिवस गार हवेसाठी ठेवा. ला वेर्ना हा अकराशे मीटरच्या वरचा कड्यावरचा मठ. संत फ्रान्सिसच्या अंगावर १२२४ मध्ये ख्रिस्ताच्या जखमांच्या खुणा उमटल्या असं श्रद्धाळू मानतात, ती ही जागा. कड्याखालचा अधांतरी खडक, बीच वृक्षांचं रान आणि आंद्रेया देल्ला रोब्बिया या जुन्या शिल्पकाराची निळ्या-पांढऱ्या झिलईची मातीची शिल्पं, एवढं बघायचं. तुकडे जोडून केलेल्या त्या शिल्पांचे सांधे जवळ गेल्यावरच दिसतात. मठात प्रवेश फुकट आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत आणि एखादा स्वेटर गाडीत हवाच. वाटेत काप्रेसे आहे, मायकेलअँजेलोचं जन्मगाव. वेळ असेल तरच थांबा.

याच डोंगररांगेत पुढे मोन्ते फुमायोलोवर टायबरचा उगम आहे. रस्त्यापासून बीचच्या रानातून थोडं चालावं लागतं. दगडी स्तंभावर गरुड आणि ‘रोमच्या भाग्याशी बांधलेली पवित्र नदी इथे जन्मते’ अशा अर्थाचा लेख. ही जागा पूर्वी टस्कनीत होती. मुसोलिनी शेजारच्या रोमान्या प्रांतातला, त्याने १९२३ मध्ये हद्द सरकवून उगम आपल्या प्रांतात घेतला. पाणी ओंजळीएवढं आहे. दोन्ही ठिकाणं एका दिवसात होतात, पण रस्ता घाटाचा आहे, गाडी लागणाऱ्यांनी पुढे बसावं.

जेवणाचं

शाकाहारी माणूस इथे उपाशी राहत नाही, पण विचारून खावं लागतं. साधं वाटणारं भाजीचं सूप मांसाच्या पाण्यात केलेलं असू शकतं, काही ब्रेडमध्ये डुकराची चरबी असते आणि बऱ्याच चीजमध्ये प्राणिज रेनेट, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेलं दूध गोठवणारं द्रव्य. हे वाक्य पाठ करा : ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा ब्रोदो दि कार्ने’. म्हणजे मांस, मासे आणि मांसाचं पाणी नको. चरबीसाठी ‘सेन्झा स्त्रुत्तो’, अंडं नको असेल तर ‘सेन्झा उओवा’. ताज्या पास्त्यात अंडं असतंच असं नाही. आंग्यारीचे जाड ‘ब्रिन्गोली’ मश्रूमबरोबर मिळतात, मात्र कणकेत अंडं घातलंय का ते विचारून घ्या.

इथला ब्रेड बिनमिठाचा असतो. पहिल्या घासाला बेकरीवाला मीठ विसरला असं वाटतं, पण खारट चीजबरोबर तो बरोबर लागतो. आमच्या घरी मात्र रोज आली ती ‘तोर्ता आल तेस्तो’. तेस्तो म्हणजे जाड गोल तवा. गव्हाच्या पिठाचा बोटभर जाड गोळा त्यावर थापून टाकतात, डाग पडेपर्यंत दोन्हीकडून भाजतात, मग पावासारखा मधून कापून त्यात लसणीवर परतलेली पालेभाजी आणि चीज भरतात. शेतघराच्या मालकीणबाई गोळा हाताने फिरवून थापत होत्या, ते आई बघत होती. दुसऱ्या दिवशी आईने बरोबर आणलेलं ज्वारीचं पीठ काढलं आणि त्याच तव्यावर भाकरी केली. मालकीणबाईंनी ती फुगताना पाहून टाळी वाजवली. दोघींमध्ये एकही समाईक शब्द नव्हता.

बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून दर माणशी एक-दोन युरो दिसतील. तो बसण्याचा आणि ब्रेडचा आकार, फसवणूक नव्हे. कॉफी उभ्याने प्यायची, टेबलावर बसलात की दर वाढू शकतो.

मोंतोने आणि आरेत्सोचं युद्धस्मशान

ही जागा मी मुद्दाम शेवटी ठेवली, तुम्हीही शेवटच्या दिवशीच ठेवा. तोवर खोऱ्याची ओळख झालेली असते, कुठला डोंगर कुठे ते कळायला लागतं.

१९४४ च्या उन्हाळ्यात जर्मन सैन्य या टेकड्या एकेक करून लढवत मागे हटत होतं आणि त्यांच्यावर चालून जाणाऱ्यांत १० वी भारतीय डिव्हिजन होती. तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यात तिच्या एका लहान तुकडीवर अगदी जवळून मशिनगनचा मारा झाला. नाईक यशवंत घाडगे सोडून तुकडीतले सगळे ठार झाले किंवा जखमी होऊन पडले. घाडगे एकटे ठाण्यावर धावून गेले. हातबॉम्ब टाकून त्यांनी मशिनगन आणि ती चालवणारा गारद केला, दुसऱ्याला गोळी घातली. बंदूक पुन्हा भरायला सवड नव्हती, तेव्हा उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. तेवढ्यात दडून बसलेल्या बंदूकधाऱ्यांनी त्यांच्या छातीत आणि पाठीत गोळ्या घातल्या. वय बावीस. गाव आजच्या रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातलं. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचा शौर्याचा सर्वोच्च सन्मान, मिळाला. त्यांचं थडगं माहीत नाही, नाव रोमच्या दक्षिणेला असलेल्या कासीनोच्या युद्धस्मारकावर कोरलेलं आहे. इटलीच्या मोहिमेत दिलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीय सैनिकांचे आहेत.

मोंतोने हे त्याच टेकड्यांतलं तटबंदीचं गाव, चित्ता दि कास्तेल्लोहून दक्षिणेला अर्ध्या तासावर. जुलै २०२३ मध्ये इथल्या ग्रामपंचायतीने आणि इटालियन युद्ध-इतिहासकारांनी घाडग्यांच्या नावाचं स्मारक उभारलं : एक चालतं सूर्य-घड्याळ. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय, ‘आपण सगळे एकाच सूर्याखाली’. मुंबई-गोवा रस्त्यावरून माणगाव ओलांडताना आपण चहाला थांबतो. त्या माणगावच्या पोराचं नाव या गावाने जपून ठेवलंय, हे तिथे उभं राहिल्यावर घशात येतं.

परतीच्या वाटेवर आरेत्सोजवळ इंदिकातोरे इथलं राष्ट्रकुल युद्धस्मशान पाहा. खोऱ्यातल्या आणि आसपासच्या लढायांत पडलेल्या भारतीय जवानांच्या अनेक समाध्या तिथे ओळीने आहेत. प्रवेशाला पैसे नाहीत. दारातल्या पेटीत नोंदवही असते, तीत मराठीत लिहून या. फुलं आदल्या दिवशीच बाजारातून घेऊन ठेवा, जवळ दुकान नाही.

मोंतोनेला मात्र सकाळीच निघा. गाडी तटाखालच्या जागेत लावून चढ चढायचा असतो, आणि दुपारी टेकड्यांवर ढग जमले तर घड्याळावर सावली पडत नाही. आदल्या रात्री हवामान बघा, आणि ढग दाखवत असेल तर दिवस बदला.